न शिवतां जाळणारी वीज

अंधाऱ्या खोलींत चालू इस्त्रीचा प्लग घाईनें ओढून काढला, तर भिंतीवरील खांचेच्या तोंडाशीं निळसर प्रकाशाचा एक ठिपका चमकून नाहींसा होतो. पावसाळ्यांत ओल्या तारेखालून धांवणाऱ्या लोकल गाडीच्या माथ्यावर तोच प्रकाश मोठा होऊन तडतडतो. त्याकडे कोणी फारसें लक्ष देत नाहीं. वीज आहे, ठिणगी उडावयाचीच, एवढ्यावर समाधान होतें. परंतु चकमकीची ठिणगी आणि ही ठिणगी यांत मूलतःच अंतर आहे. चकमकीची ठिणगी म्हणजे तापलेला कण; विजेची ठिणगी म्हणजे खुद्द हवेंतून वाहणारा विद्युत्प्रवाह. तारेची वाट तुटली तरी प्रवाह थांबत नाहीं, हवेलाच तार बनवून तो पुढें जातो. घरांतील प्लगापाशीं हा खेळ निमिषार्धांत आटोपतो. कारखान्याच्या ज्या स्विचबोर्डामागें हजारों अँपियरचा प्रवाह दबा धरून बसलेला असतो, तेथें तो आटोपला नाहीं म्हणजे काय होतें, आणि तें मोजून पाहण्यास मनुष्याला किती काळ लागला, याचा इतिहास मोठा उद्बोधक व तितकाच खेदजनकहि आहे.

शास्त्रज्ञांना या प्रकाशाची ओळख एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं झाली. रशियांत सेंट पीटर्सबर्ग येथें वासिली पेत्रोव्ह यानें १८०२ सालीं तो पाहिला व पुढच्याच वर्षीं त्यावर रशियन भाषेंत ग्रंथहि लिहिला. पण इतर युरोपास त्याचा पत्ता लागण्यास पुष्कळ वर्षें जावीं लागलीं. कीर्ति मिळाली ती लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हम्फ्रे डेव्ही यास. पट्ट्यांच्या दोन हजार जोड्यांची प्रचंड बॅटरी त्याच्या हातीं आली होती. इंचभर लांबीचे कोळशाचे दोन तुकडे तिच्या दोन टोकांना जोडून त्यानें ते एकमेकांच्या अगदीं जवळ आणले. ठिणगी पडली, कोळसे शुभ्र तापले. आणि मग ते हळूहळू दूर नेले तरी प्रकाश तुटेना. चार इंचांचें अंतर पडेपर्यंत तो टिकून राहिला. मधली हवा तापून वर चढे, तिच्याबरोबर प्रकाशाचा पट्टाहि मध्यें उचलला जाई व त्यास कमानीचा आकार येई. त्यावरूनच इंग्रजींत त्याला 'आर्क', म्हणजे कमान, हें नांव पडलें. डेव्हीनें या कमानींत प्लॅटिनमची तार धरली, तेव्हां मेणबत्तीच्या ज्योतींत मेण वितळावें तशी ती वितळली. गारगोटी, नीलमणि, चुना, ज्यांना भट्टीची आंच लागत नसे असे पदार्थ तेथें पाण्यासारखे झाले. कमानीच्या अंगीं प्रकाश आहे त्याहून अधिक दाह आहे, हें अशा रीतीनें पहिल्याच दिवसांत उघड झालें होतें. पुढील पाऊणशें वर्षें मात्र लोकांनीं डोळे लावले ते प्रकाशाकडे.

डायनॅमो निघाल्यावर कमानीचे दिवे रस्त्यावर आले. १८७८ सालीं याब्लोच्कोव्ह याच्या दिव्यांनीं पॅरिसचे हमरस्ते उजळले. १८७९ सालीं चार्ल्स ब्रश यानें क्लीव्हलंड शहराच्या चौकांत बारा दिवे लावले. १८८० च्या डिसेंबरांत न्यूयॉर्कचा ब्रॉडवे प्रकाशमान झाला. हे दिवे माळेसारखे एकामागून एक जोडलेले असत, म्हणून त्यांच्या तारांत हजारों व्होल्टचा दाब ठेवावा लागे. आणि या तारा तारायंत्राच्या, टेलिफोनच्या व आगीच्या घंटांच्या तारांबरोबर त्याच खांबांवरून, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, गेलेल्या असत. याचा परिणाम व्हावयाचा तो झाला. ११ ऑक्टोबर १८८९ रोजीं न्यूयॉर्कच्या भर बाजारपेठेंत जॉन फीक्स नांवाचा एक लाइनमन तारायंत्राच्या निरुपयोगी झालेल्या तारा काढण्यासाठीं खांबावर चढला. मेलेली समजून त्यानें धरलेली तार दुसरीकडे कोठें तरी दिव्याच्या तारेला चिकटलेली होती. त्याचें शरीर तारांच्या जाळ्यांत अडकून राहिलें, आणि दुपारच्या गर्दींतील शेंकडों लोक खालीं उभे राहून तें पाहत होते. पुढील महिन्यांत एडिसननें उच्च दाबाच्या विजेवर मासिकांतून कडक टीका केली. त्यांत लोककल्याणाची तळमळ किती आणि प्रतिस्पर्धी वेस्टिंगहाउसवर मात करण्याची इच्छा किती, हा प्रश्न वेगळा. १८९० च्या ऑगस्टांत न्यूयॉर्क संस्थानानें देहान्ताची शिक्षा विजेच्या खुर्चीवर बसवून अंमलांत आणली, तेव्हां तर वीज म्हणजे स्पर्श आणि स्पर्श म्हणजे मृत्यु हें समीकरण जनमनावर कायमचें कोरलें गेलें.

कामगारांनाहि हाच शत्रु दिसत होता. १८९१ सालीं सेंट लुई येथें दहा प्रतिनिधींनीं एकत्र येऊन वीजकामगारांची संघटना स्थापिली. तिचा पहिला अध्यक्ष हेन्री मिलर हा स्वतः लाइनमन. गांवोगांवीं फिरून, मिळेल तें काम करून तो संघटनेचा प्रचार करी. पांचच वर्षांनीं वॉशिंग्टन येथें काम करतांना विजेचा धक्का बसून तो खांबावरून कोसळला व मरण पावला. त्याच सुमारास दुसऱ्या बाजूनें विमा कंपन्याहि जाग्या झाल्या होत्या. विजेच्या सदोष जोडणीनें इमारती जळत व भरपाई त्यांना द्यावी लागे. म्हणून १८९७ सालीं अमेरिकेची पहिली राष्ट्रीय विद्युत्-संहिता तयार झाली. ही संहिता उत्तम होती व अनेक देशांना तिनें धडा घालून दिला. परंतु ती मुख्यतः इमारतींसाठीं होती, हें विसरतां कामा नये. जोडणी कशी असावी तें ती सांगे. त्या जोडणीसमोर उभें राहून काम करणाऱ्या मनुष्यानें काय करावें, याबद्दल ती बहुतेक मौन पाळी. घर वांचविणारांनीं नियम केले; माणूस वांचविणारे नियम यावयाचे होते.

येथें एका विदुषीचें स्मरण करणें अवश्य आहे. कमानीचे दिवे जळतांना मध्येंच फुत्कारत व लुकलुकत. याचें कारण लंडनच्या हर्था एअर्टन यांनीं शोधून काढलें. कोळशाच्या टोकाला पडलेल्या खळगींत बाहेरच्या हवेंतील प्राणवायु शिरला कीं कमान फुत्कार टाकते, हें त्यांनीं प्रयोगानें सिद्ध केलें. १८९९ सालीं विद्युत्-अभियंत्यांच्या संस्थेपुढें त्यांनीं स्वतः निबंध वाचला. असा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत्या. १९०२ सालीं रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठीं त्यांचें नांव पुढें आलें, तेव्हां विवाहित स्त्रीला कायद्यानें सभासद होतां येत नाहीं, असा निर्णय त्या विद्वत्सभेनें दिला. आणि चार वर्षांनीं तिनेंच त्यांना पदक अर्पण केलें! एअर्टन यांनीं त्याच वर्षीं, म्हणजे १९०२ सालीं, प्रसिद्ध केलेला कमानीवरील ग्रंथ या विषयाचा पाया समजला जातो. कमानीची लांबी, दाब व प्रवाह यांचें गणित त्यांत आहे. परंतु तें गणित दिव्यांतील कमानीचें; कोळशाच्या कांड्यांमधील, थोडक्या अँपियरच्या, माणसाळलेल्या कमानीचें. तीच कमान तांब्याच्या जाड पट्ट्यांमध्यें, वीस-तीस हजार अँपियरच्या जोरावर, कोणी न बोलावतां उभी राहिली तर काय होईल, हें विचारण्याचें कारण त्या काळीं कोणास पडलें नाहीं.

विज्ञानानें मग आपली सारी बुद्धि धक्क्याकडे लावली, व तेथें मिळविलेलें यश अपूर्व आहे. १८९९ सालीं जिनेव्हा येथें प्रेव्होस्त व बात्तेली यांनीं दाखविलें कीं अल्प प्रवाहानें हृदय थरथरू लागतें, तें रक्त ढकलीत नाहीं, आणि जोराच्या दुसऱ्या धक्क्यानें पुनः ताळ्यावर येऊं शकतें. वीजकामगारांचे मृत्यु वाढत चालले, तेव्हां १९२८ च्या सुमारास अमेरिकेंत वीजधंद्याच्या पैशानें बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत या प्रश्नाचें संशोधन सुरू झालें. विल्यम कौवेनहोव्हन हा त्यांतील प्रमुख; तो वैद्य नव्हे, विजेचा अभियंता होता. त्याच्या चमूनें छाती न उघडतां हृदयास धक्का देणारें यंत्र बनविलें, आणि १९६० सालीं छातीवर तळहातांनीं तालबद्ध दाब देऊन हृदय चालूं ठेवण्याची पद्धति जाहीर केली. आज हृदयविकाराच्या झटक्यानें कोसळलेल्या गृहस्थाला रस्त्यावरचा कोणी जाणता मनुष्य छाती दाबून वांचवितो, त्याचें मूळ खांबावर मेलेल्या लाइनमनांत आहे, हें थोड्यांनाच ठाऊक असेल. कॅलिफोर्नियांत बर्कले येथें चार्ल्स डॅल्झील यानें १३४ पुरुष व २८ स्त्रिया यांच्यावर प्रयोग करून, हातांत धरलेली तार सोडतां येते तोंवरचा प्रवाह मोजला. पुरुषांत तो सरासरीनें १६ मिलिअँपियर भरला, स्त्रियांत साडेदहा. म्हणजे अँपियरचा साठावा-शंभरावा हिस्सा! या आंकड्यांच्या आधारें त्यानें १९६१ सालीं जमिनीकडे गळणारा यत्किंचित् प्रवाह हुडकून वीज तोडणारें उपकरण रचलें. आज त्याच जातीचें उपकरण पुष्कळ घरांच्या मीटरपेटींत बसलेलें असतें.

आपल्याकडचा इतिहासहि याच वाटेनें गेला. मुंबईची ट्राम १९०७ सालीं विजेवर धांवूं लागली, १९१५ सालीं खोपोलीची जलविद्युत् मुंबईच्या गिरण्यांना मिळाली, १९२५ सालीं बोरीबंदरापासून कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी सुरू झाली. कायदा १९०३ सालीं आला, सुधारून १९१० सालीं आला, आणि स्वतंत्र भारताचे विस्तृत नियम १९५६ सालीं झाले. त्या नियमांनीं लावावयास सांगितलेल्या दोन वस्तु सर्वांच्या पाहण्यांतील आहेत. एक, कवटी व हाडांचें चित्र असलेली धोक्याची पाटी. आणि दुसरी, विजेचा धक्का बसलेल्या मनुष्यास कसें शुद्धीवर आणावें याचा तक्ता, इंग्रजी अगर हिंदींत व शिवाय स्थानिक भाषेंत. गिरणीच्या, कचेरीच्या किंवा पंपघराच्या भिंतीवर धुळीनें पिवळा पडलेला तो मराठी तक्ता किती पिढ्यांनीं वाचला असेल! २०१० च्या नव्या नियमांतहि त्याची जागा कायम राहिली. तक्ता चांगलाच आहे, त्यानें प्राण वांचतात. पण तो वाचणारा मनुष्य साहजिकच समजतो कीं विजेपासून होणारी इजा ती एवढीच. तार शिवली नाहीं, पायाखालीं रबराची चटई आहे, हातांत मोजे आहेत, म्हणजे आपण निर्भय झालों.

आतां या निर्भय मनुष्याकडे पाहूं. कारखान्यांतील ४१५ व्होल्टचा बोर्ड उघडून तो एक पेंच आवळीत आहे. हातांतून पाना निसटतो व दोन पट्ट्यांवर आडवा पडतो. किंवा मोजण्याच्या यंत्राची सुई चुकीच्या ठिकाणीं टेकते. किंवा आंत एखादी पाल शिरलेली असते. किंवा ढिला सांधा तापून तापून त्याच क्षणीं तुटतो. पान्याचें टोक वितळतें व वाफ होतें. धातूची वाफ ही विजेला उत्तम वाट. ती मिळतांच कमान उभी राहते, आणि आतां पाना नसला तरी तिचें अडत नाहीं. प्रवाह वाढेल तसा तिचा अडथळा कमी होतो. ती स्वतःचा मार्ग स्वतःच रुंद करते. गाभ्याशीं उष्णता इतकी होते कीं राल्फ ली या अभियंत्यानें ती वीस हजार अंशांच्या घरांत धरली होती. सूर्याच्या पृष्ठभागाची उष्णता साडेपांच हजार. तांब्याची वाफ होतांना तें सदुसष्ट हजार पट फुगतें, असाहि त्याचा हिशेब आहे. त्यामुळें हा नुसता भडका राहत नाहीं, स्फोट होतो. बोर्डाचें दार उडतें, वितळलेल्या धातूचे थेंब गोळ्यांसारखे सुटतात, कानठळी बसते, तीव्र प्रकाशानें डोळे दिपतात. हें सारें घडण्यास सेकंदाचा एक अष्टमांश पुरे. समोरच्या मनुष्यानें कशाला स्पर्श केलेला नसतो. त्याच्या देहांतून एक मिलिअँपियरहि गेलेला नसतो. डॅल्झीलचें उपकरण येथें मुकाट बसून राहतें, कारण त्याला कळेल असें कांहीं घडलेलेंच नाहीं.

असे अपघात पूर्वींहि होत नव्हते असें नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं संगमरवरी फळ्यांवर उघडे चाकू-स्विच असत, मूठ ओढली कीं कमान तोंडासमोर नाचे. म्हणूनच पुढें ते लोखंडी पेट्यांत बंद करण्यांत आले. परंतु वीजघरें लहान होतीं तोंवर कमानीच्या मागें जोरहि बेताचा असे. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने वाढले, ट्रान्सफॉर्मर मोठे झाले, आणि शॉर्ट झाल्यास वाहूं शकणारा प्रवाह कितीतरी पटींनीं चढला. भाजलेले कामगार रुग्णालयांत येऊं लागले. मात्र नोंद होई ती 'भाजणें' एवढीच. चूल भडकली काय, बॉयलर फुटला काय, बोर्डांत कमान उठली काय, रकाना एकच. चौकशी झालीच तर ती पान्यापाशीं थांबे: कामगाराच्या हातांतून पाना पडला, निष्काळजीपणा, प्रकरण बंद. पाना प्रत्येकाच्या हातांतून कधींना कधीं पडतोच. तो पडला असतां मनुष्य जळावा कीं न जळावा, हें त्याच्या हातावर नव्हे तर बोर्डाच्या रचनेवर व वीज किती झटपट तुटते यावर अवलंबून असतें. ही गोष्ट ज्यांना माहीत असावयास पाहिजे होती, त्यांनाच ती आंकड्यांत माहीत नव्हती.

आंकडा दिला तो या राल्फ ली यानें. अमेरिकेंतील एका मोठ्या रसायन कंपनींत विद्युत्-अभियंता म्हणून आयुष्य घालविल्यावर त्यानें १९८२ सालीं विद्युत्-अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकांत एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या मथळ्याचा आशय असा कीं विजेचा एक दुसराहि धोका आहे, तो कमानीच्या स्फोटानें भाजण्याचा. 'दुसरा' या एका शब्दांत शंभर वर्षांचें दुर्लक्ष सामावलेलें आहे. लीची विचारसरणी साधी होती. शॉर्ट झाल्यावर यंत्रणा जेवढी शक्ति देऊं शकेल तिच्या अर्ध्यापर्यंत शक्ति कमानींत उतरूं शकते; ती चहूंकडे उष्णतेच्या रूपानें पसरते; अमुक अंतरावर, अमुक काळांत त्वचेचें तापमान किती चढेल तें मांडून पाहावें. हिशेब निघाला तो भयंकर होता. मोठ्या यंत्रणेपासून दहा फुटांवर उभा असलेला मनुष्यहि प्राणघातक भाजूं शकतो! तोंवर सुरक्षित अंतर म्हणजे हात पोहोंचणार नाहीं इतकें अंतर, असाच सर्वांचा समज होता.

लीच्या हिशेबाला जोड मिळाली ती अगदीं निराळ्या क्षेत्रांतून. अमेरिकन नौदलाच्या संशोधनशाळेंत ॲलिस स्टोल ही संशोधिका विमानांतील आगींपासून वैमानिकांना कसें वांचवावें, याचा अभ्यास करीत होती. किती उष्णता किती वेळ लागली म्हणजे त्वचेवर फोड येतात, हें तिनें व मारिया कियांटा हिनें काटेकोरपणें मोजलें. त्या कामांतूनच पुढें एक सीमा रूढ झाली: दर चौरस सेंटिमीटरास १.२ कॅलरी. ग्रॅमभर पाण्याचें तापमान एक अंशानें वाढविण्यास जेवढी उष्णता लागते ती एक कॅलरी. तिच्याहून किंचित् अधिक उष्णता नखाएवढ्या त्वचेवर सेकंदभरांत पडली, कीं फोड आलाच. सिगारेट पेटविण्याच्या लायटरच्या ज्योतीच्या टोकाशीं बोट क्षणभर धरावें, इतकीच ही मात्रा. मोठ्या बोर्डासमोर हातभर अंतरावर ती चाळीसपर्यंत किंवा त्याहूनहि वर जाऊं शकते.

यानंतर चाकें फिरलीं, पण सावकाश. १९७० च्या कायद्यानें अमेरिकेंत कामगार-सुरक्षेचें सरकारी खातें झालें होतें, आणि त्याच्याच विनंतीवरून १९७६ सालीं काम करणाऱ्या मनुष्यासाठीं वेगळी विद्युत्-संहिता करण्याची समिति नेमली गेली. तिची पहिली आवृत्ति १९७९ सालीं निघाली. तींत कमानीच्या भडक्याविरुद्ध मर्यादा आंखलेली नव्हती. ती १९९५ च्या आवृत्तींत आली. म्हणजे निबंधापासून नियमापर्यंत तेरा वर्षें! दरम्यान कांहीं अभियंत्यांनीं प्रयोगशाळेंत खरेच भडके उडवून पाहण्याचें ठरविलें. माणसाच्या उंचीचे पुतळे कामगाराचे कपडे घालून बोर्डासमोर उभे केले, त्यांना तापमापकें व दाबमापकें बसविलीं आणि ४८० व्होल्टची कमान पेटविली. उघड्या हाताशीं व मानेशीं पारा २२५ अंशांपलीकडे गेला. आवाज १४१ डेसिबल भरला. सदऱ्याखालीं छातीशीं मात्र तापमान ५० अंशांच्या आसपासच राहिलें. एका साध्या सदऱ्यानें केवढा फरक केला तें यावरून दिसतें.

पण तो सदरा कशाचा, यावर सर्व अवलंबून. सुती कापड पेटलें नाहीं तोंवर आड येतें. पेटलें तर तेंच सरण होतें, आणि भडका सरल्यावरहि अंगावर जळत राहतें. नायलॉन व टेरिकॉट यांची गोष्ट त्याहून वाईट. तीं वितळतात व त्वचेला चिकटतात. गणवेश टिकाऊ हवा, इस्त्री न मोडणारा हवा, म्हणून कित्येक ठिकाणीं कामगारांना हौसेनें असेच कपडे देण्यांत येत, यासारखा दैवदुर्विलास नाहीं. १९९४ सालीं अमेरिकन सरकारनें वीजधंद्यांत इजा वाढविणारे कपडे घालण्यास बंदी केली. न पेटणाऱ्या धाग्यांचे पोशाख, तोंडावर छायाकांचेची टोपी, चामड्याचे मोजे असा सरंजाम मग तयार झाला. तो अंगावर चढवून मुंबईच्या मे महिन्यांत बंद पंपघरांत अर्धा तास उभें राहणें हीहि एक शिक्षाच. म्हणून पोशाख हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे, हें नियम करणारांनीं स्वतःच वारंवार बजावलें आहे.

पहिला उपाय काळाशीं निगडित आहे. उष्णता काळाच्या प्रमाणांत वाढते; कमान दुप्पट वेळ टिकली कीं दाह दुप्पट. मग फ्यूज आणि सर्किट-ब्रेकर कशासाठीं आहेत, असें कोणी विचारील. येथेंच या शास्त्रांतील सर्वांत चमत्कारिक गोम आहे. दोन पट्ट्या घट्ट चिकटून शॉर्ट झाला, तर प्रवाह पूर्ण जोरानें धांवतो व ब्रेकर तत्काळ उडतो. परंतु कमानीचा स्वतःचा असा थोडा अडथळा असतो. तिच्यांतून जाणारा प्रवाह त्याहून बराच कमी, कधींकधीं निम्म्याच्या आंतबाहेर असतो. ब्रेकरला तो मोठ्या मोटारीचा आरंभींचा प्रवाह वाटतो, आणि तो वाट पाहत बसतो. अशा वेळीं लहान प्रवाहाचा शॉर्ट मोठ्या प्रवाहाच्या शॉर्टाहून अधिक जाळतो. अनुभवी मिस्त्रीलाहि हें ऐकून पटत नाहीं, कारण त्याची सारी हयात 'जेवढा प्रवाह मोठा तेवढा धोका मोठा' या हिशेबानें गेलेली असते. हल्लीं प्रवाहाबरोबरच कमानीचा प्रकाश ओळखून ब्रेकरला इशारा देणारीं उपकरणें निघालीं आहेत. डेव्हीनें ज्या तेजाचें कौतुक केलें, तेंच तेज आतां पहारेकऱ्याचें काम करतें.

आणि याहूनहि आधींचा उपाय म्हणजे बोर्ड उघडण्यापूर्वीं वीज बंद करणें. नुसती बंद करणें नव्हे. स्विचला कुलूप घालून किल्ली काम करणाराच्या खिशांत ठेवणें, चिठ्ठी अडकविणें, मापकयंत्र अगोदर चालू तारेवर तपासून मग बंद तारेवर लावणें व पुनः चालू तारेवर खात्री करून घेणें, आणि शेवटीं तार जमिनीशीं जोडणें. यांत अर्धा-पाऊण तास जातो. तेवढा वेळ यंत्रें उभीं राहतात, रुग्णालयाचा किंवा पंपाचा पुरवठा खोळंबतो, वरिष्ठ घड्याळाकडे पाहतो. चालू विजेवर केलेल्या कामांपैकीं किती कामें खरोखर चालू विजेवरच करणें भाग होतें आणि किती केवळ या घड्याळासाठीं केलीं गेलीं, याचा जमाखर्च प्रत्येक कारखान्यानें मांडून पाहण्यासारखा आहे.

लीच्या सूत्रांची जागा पुढें प्रत्यक्ष प्रयोगांवर आधारलेल्या सूत्रांनीं घेतली. २००२ सालीं अमेरिकन अभियंत्यांच्या संस्थेनें सुमारें तीनशें प्रयोगांवरून हिशेबाची रीति ठरविली. २०१८ सालीं अठराशेंहून अधिक प्रयोग करून ती सुधारली. सुधारतांना एक जुनी सवलत गेली. २४० व्होल्टच्या खालीं, लहान ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या यंत्रणेंत कमान टिकत नाहीं, तेव्हां हिशेबाची गरज नाहीं, असें २००२ च्या पुस्तकांत म्हटलें होतें. प्रयोगशाळेंत ती टिकली. म्हणून नव्या पुस्तकांत ट्रान्सफॉर्मरचा उल्लेख वगळून, शॉर्टचा प्रवाह दोन हजार अँपियरच्या आंत असेल तर कमान टिकण्याचा संभव कमी, एवढेंच सावध विधान केलें आहे. आणि हें सर्व झालें तें मुख्यतः उलटसुलट वाहणाऱ्या विजेबद्दल, जिचा प्रवाह सेकंदांतून शंभर वेळां शून्यावर येतो व कमानीला विझण्याची तितक्या वेळां संधि देतो. छपरांवरील सौरपट्ट्यांची व मोठ्या बॅटऱ्यांची वीज एकाच दिशेनें वाहते. तिच्यांत असें शून्य येत नाहीं. तिची कमान, डेव्हीच्या बॅटरीवरील कमानीप्रमाणेंच, एकदां लागली कीं ताणीत नेली तरी सहसा तुटत नाहीं. तिच्या मोजणीचें काम आतां चाललें आहे.